विस्तव निजवा

लेहनबाख गावात कायेतान फाल्कनर रस्त्यानं येताना दिसला, की माणसांचे हात आपसूक त्याच्या कोटाकडे जायचे. धुराडी साफ करणाऱ्याच्या कोटाचं पितळी बटण पिळलं की नशीब उघडतं, असं आमच्या डोंगराळ तिरोल प्रांतात सगळे मानतात. न मानणारेही पिळून घेतात. पाद्रीबाबा इकडेतिकडे बघत घाईनं पिळायचे. एका वर्षी खाटकानं इतकं जोरात पिळलं, की बटण त्याच्याच हातात आलं. "आता नशीब घेऊन जा घरी आणि बायकोकडून सुईदोरा आण," असं कायेतान त्याला म्हणाला होता. अख्ख्या खोऱ्याला नशीब वाटत फिरणारा हा माणूस रात्री घरी यायचा तो नखशिखान्त काळा, आणि त्याला ओळखायला फक्त डोळे शिल्लक असायचे.

नोटबुर्गाला तो भेटला तोही असाच काळा. तिला सगळे बुर्गीच म्हणतात. वरच्या वाडीतल्या तिच्या बापाच्या घरी तो धुराडं साफ करायला गेला होता आणि ती स्वयंपाकघरात शिळ्या पावाचे गोळे वळत होती. जाता जाता त्यानं काजळीचं बोट तिच्या गालावरून ओढलं आणि म्हणाला, "घे, नशीब." ती चिडली, पण तो डाग तिनं झोपेपर्यंत पुसला नाही. आईनं विचारलं, "तोंड धुवायला पाणी संपलं का गं?" त्यावर बुर्गी लाजली, आणि काय ते सगळ्यांना कळलं.

लग्न झालं, वेरोनिका झाली, ती शिकून इन्सब्रुकला गेली. कायेतान मात्र गावातच राहिला, छपरांवर. आमची घरं लाकडाची, छपरंही लाकडी फळ्यांची, आणि एकमेकांना इतकी खेटून की एकाच्या खिडकीत शिंकलं तर शेजारचा "देव भलं करो" म्हणतो. अशा गावात आगीची भीती रक्तातच असते. तिचं खरं रूप दिसतं ते फ्योन सुटला की. डोंगरमाथ्यावरून कोसळत येणारा हा कोरडा, ऊन वारा छपरांवरचं बर्फ सकाळच्या सकाळी चाटून टाकतो, माणसांची डोकी दुखवतो आणि एका ठिणगीनं अख्खं गाव पेटवून देतो. फ्योनच्या दिवशी चूल पेटवायची नाही, हा आमच्याकडे बापजाद्यांचा नियम. त्या दिवशी कायेतान गल्लीगल्लीतून हाळी देत जायचा, "फ्योन आलाय. विस्तव निजवा." हे शब्द त्याला त्याच्या उस्तादाकडून मिळाले होते आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाकडून. विस्तव विझवा असं कोणी म्हणत नसे. कायेतान म्हणायचा, विस्तव हे घरातलं माणूसच आहे, त्याला मारून कसं चालेल, फक्त निजवायचं.

गावात नवी सून आली की तिच्या घरी तो मुद्दाम जायचा आणि जवाची दारू घोट घोट पीत तिला शिकवायचा. "चुलीतून वर जाणारा धुराचा नळ लाल व्हायला लागला, धुराडं आगगाडीसारखं धडधडायला लागलं, की समज आत काजळी पेटलीय. आधी चुलीचं दार लाव. मग खालची हवेची झडप लाव. हवा मिळाली नाही की तिचा जोर ओसरतो. नळाजवळचं लाकूड, कपडे, सगळं लांब कर, माणसं बाहेर काढ आणि बंबवाल्यांना बोलाव. पण पाणी ओतायचं नाही. पाण्याची वाफ झाली की धुराडं फुटतं, आणि मग घरही जातं आणि सासूही." सासू शेजारीच बसलेली असायची. तीही हसायची.

अशा माणसाला विसरण्याचा रोग लागला. सुरुवातीला घरांची नावं गेली, मग रस्ते, मग दिवस. पोरीचं नाव कधी सापडायचं, कधी नाही. बुर्गीला मात्र तो बरेच दिवस ओळखत होता, निदान संध्याकाळी तरी. सकाळी कधीकधी तो तिला "तुम्ही" म्हणायचा. चाळीस वर्षांहून जास्त "अगं बुर्गी, ऐक गं" ऐकलेल्या बाईला त्या एका "तुम्ही"नं काय होत असेल, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

विस्तव तेवढा तो विसरला नाही. चुलीपाशी बसून दिवसभर लाकडं घालत राहायचा. वेरोनिका नाताळात आली तेव्हा तिनं हे पाहिलं आणि आईला मागच्या खोलीत नेलं.

"आई, मी तुला घाई करत नाही. पण विस्तवाशी काही झालं ना, तर मग बाबा खाली खोऱ्यातल्या वृद्धाश्रमात जातील. तेव्हा तू नाही म्हणायचं नाहीस."

"काही होत नाही गं."

"म्हण, आई."

"नाही म्हणणार नाही," बुर्गी म्हणाली. त्या दिवसापासून ती त्याला नाही, चुलीलाच राखत बसली.

तो लाकडं घालायचा थांबत नाही, म्हणून तिनं हवेची झडप कायम जवळजवळ मिटूनच ठेवली. चूल धुमसत राहायची, भडकत नसे. तिला वाटलं, हे सुरक्षित. लाकडंही ओली असत, कारण वेळेवर फोडून वाळत घालणारा माणूस आता चुलीपुढे बसून तिला "तुम्ही कोण?" विचारत होता. ओलं लाकूड आणि कोंडलेली हवा यांनी धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते, हे धुराडेवाल्याच्या बायकोला माहीत नसणार का? माहीत होतं. पण कायेतानच्या जागी आलेली रोस्विता ब्रश खांद्यावर टाकून दाराशी आली, की बुर्गी उंबऱ्यातूनच तिला सांगायची, "आमचं धुराडं हे स्वतःच साफ करतात गं, ऐकतच नाहीत." रोस्विता आत आली असती तर तिला कायेतान नाताळानंतर किती बिघडलाय ते दिसलं असतं, आणि मग गावाला, आणि मग वेरोनिकाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अख्ख्या खोऱ्यातलं सगळ्यात घाण धुराडं धुराडेवाल्याच्याच घरावर होतं.

फेब्रुवारीत एके सकाळी फ्योन सुटला. बुर्गीनं चूल पेटवली नाही. गरजही नव्हती, वारा अंगाला भाजेल इतका ऊन होता. कायेतान न्याहारी करून खुर्चीत पेंगत होता. काड्यापेटी तिनं नेहमीप्रमाणे एप्रनच्या खिशात घातली आणि ती मागच्या अंगणात चादरी वाळत घालायला गेली. अशा वाऱ्यात चादरी हातातून निसटतात, त्या पकडून चिमटे लावता लावता तिला वेळ झाला. तेव्हा तिला तो आवाज आला. कायेतान नेहमी म्हणायचा तशी आगगाडी, पण आमच्या गावात रूळच नाहीत. तिनं वर पाहिलं. धुराड्याच्या तोंडातून ठिणग्या उडत होत्या आणि वारा त्या शेजारच्या झेन्झीच्या छपराकडे नेत होता.

ती स्वयंपाकघरात धावली. चुलीचं दार सताड उघडं, झडप उघडी, आत पेंढा आणि देवदाराच्या ढलप्या भडभडत होत्या. नळ तळापासून वरच्या वळणापर्यंत लाल झाला होता. आणि समोर कायेतान उभा होता, कामाचा काळा कोट घालून, सगळी पितळी बटणं लावून, डोक्यावर टोपी. कुठल्या खिशात त्याला जुनी काड्यापेटी सापडली होती, देव जाणे.

"घाबरू नका बाई," तो म्हणाला. कामावर असताना त्याचा जसा आवाज असायचा, शांत आणि जरा थट्टेखोर, तसाच. "तुमच्या धुराड्यात डांबर धरलंय. ब्रशानं निघायचं नाही. मी ते जाळून काढतोय. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय ना?"

जाळून काढणं हे त्यांच्या धंद्यातलं खरं काम आहे. काजळी कडक झाली की धुराडेवाला ती मुद्दाम पेटवतो आणि पहारा देत संपवतो. पण त्यासाठी वारा पडलेला लागतो, छपरांवर बर्फ लागतं, बंबवाले हजर लागतात. कायेताननं आयुष्यात ते फ्योनच्या दिवशी कधी केलं नसतं. बाहेर वारा घरं हलवत होता आणि त्याला तो ऐकू येत नव्हता. बुर्गीला तेव्हा आगीपेक्षा त्याचंच भय वाटलं.

"कायेतान, दार लाव," ती म्हणाली.

"तुम्ही मध्ये येऊ नका."

ती झडपेकडे वाकली. त्यानं तिचं मनगट धरलं, घट्ट. छपरांवर आयुष्य काढलेला हात तो, म्हातारा झाला तरी सुटत नव्हता. तिनं ओढलं, विनवलं, "अरे, मी बुर्गी," म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. नळाच्या वर छताची फळी करपल्याचा वास यायला लागला. मग तिच्या तोंडून ते शब्द निघाले. ठरवून नाही. गल्लीतून येणारी हाळी इतकी वर्षं ऐकली होती, ती तशीच्या तशी, त्याच चालीत निघाली.

"फ्योन आलाय. विस्तव निजवा."

त्यानं तिचं मनगट सोडलं. मान वर करून क्षणभर वारा ऐकला. मग त्याचे हात एकटेच कामाला लागले. दार लागलं, खटका बसला. झडप मिटली. त्यानं लाकडाची टोपली पायानं मागे सारली, दोरीवरचे टॉवेल ओढून तिच्या हातात दिले, पाण्याच्या बादलीकडे पाहून नकारार्थी बोट हलवलं आणि तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तिनं जाता जाता ओसरीतला फोन उचलला आणि बंबवाल्यांना कळवलं. भोंगा वाजला तेव्हा ती दोघं वितळत्या बर्फाच्या चिखलात उभी होती.

गाव जमलं. काही माणसं शिडी लावून झेन्झीचं छप्पर भिजवायला लागली. बंबवाल्यांचा म्होरक्या लाम्बेर्ट सोबत्यांना घेऊन आत गेला. त्यांनी चुलीतले निखारे लोखंडी बादलीतून बाहेर आणले, मग वरून जड गोळा बांधलेला ब्रश सोडून धुराडं खरवडलं. पेटती काजळी खाली पडत होती आणि ते ती बादल्या भरभरून काढत होते. धडधड हळूहळू कमी झाली.

"कोण आहे हो तुमचा धुराडेवाला?" कायेताननं बुर्गीला विचारलं.

"कायेतान फाल्कनर."

"ऐकलं नाही कधी नाव. भेटला तर सांगा, गाढव आहेस म्हणावं. इतकी काजळी होऊ देतात?"

"चांगला माणूस आहे तो," बुर्गी म्हणाली.

"असेल. पण कामचुकार आहे."

झेन्झी डोक्याला रुमाल बांधून त्यांच्याजवळ आली. बऱ्याच महिन्यांत तिनं कायेतानला पाहिलं नव्हतं, आणि तो तर कोटात, टोपीत उभा. सवयीनं तिचा हात त्याच्या बटणाकडे गेला. तिनं ते पिळलं. मग तिनं त्याचे डोळे पाहिले आणि हात मागे घेतला. "अगं बुर्गी," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

लाम्बेर्ट घरातून बाहेर आला. "वाचलं, बुर्गीकाकू. छताची एक फळी करपलीय. पण आज रात्रभर आमचा माणूस इथे बसेल, भिंत पुन्हा तापू शकते." मग त्यानं आवाज खाली आणला. "फ्योनमध्ये चूल कुणी पेटवली?"

'मी' म्हणायला तिला काहीच लागलं नसतं. म्हाताऱ्या बाया करतात अशा चुका. गावानं आठवडाभर नावं ठेवली असती आणि विसरलं असतं. कायेतान घरी राहिला असता. तिनं झेन्झीच्या छपराकडे पाहिलं. ओल्या फळ्यांवर एका जागी काळा डाग दिसत होता, तळहाताएवढा.

"ह्यांनी," ती म्हणाली.

लाम्बेर्टनं कायेतानकडे पाहिलं. लाम्बेर्टच्या बायकोलाही, ती नवी सून असताना, चुलीचं सगळं कायेताननंच शिकवलं होतं. "वाऱ्यात मला नीट ऐकू नाही आलं, काकू."

"ऐकू आलं तुला. ह्यांनीच पेटवली, आणि ह्यांच्याच हातानं निजली. पुढच्या वेळी झेन्झी आत झोपलेली असेल." मग तिनं तोंड फिरवलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे ती महिनोन्‌महिने जाणून होती. त्या क्षणी तिला लेकीचा, लाम्बेर्टचा, सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

तिनंच वेरोनिकाला फोन केला. नाही म्हणणार नाही असं कबूल केलं होतं, तसं तिनं नाही म्हटलं नाही.

वृद्धाश्रम चांगला आहे, वाईट बोलायला जागा नाही. जमिनीखालून ऊब येते, चूल नाही, धुराडं नाही. सुरुवातीला कायेतान सगळ्या भिंतींना तळहात लावून हिंडायचा आणि परिचारिकांना विचारायचा, "इथला धूर कुठून जातो?" पुढे तो विचारायचाही थांबला. आता खिडकीशी बसून असतो.

बुर्गी दर रविवारी बसनं खाली जाते. घरची चूल ती आता वाळलेल्या लाकडांवर, मोकळ्या हवेत पेटवते आणि रोस्विताला दार उघडून आत घेते. निघायच्या आधी ती चुलीचं दार उघडते, आतल्या कडेवरून बोट फिरवते आणि आरशात न बघता ते गालावरून ओढते. मागच्या रविवारी इन्सब्रुकहून आलेली वेरोनिका बसथांब्यावर म्हणाली, "आई, तुझ्या गालाला काळं लागलंय."

"असू दे."

कायेतान खिडकीशी होता. तिनं स्टूल ओढून त्याच्या समोर घेतलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, अदबीनं. मग त्याची नजर तिच्या गालावर थांबली आणि त्याला हसू आलं.

"बाई, तुम्हाला धुराडेवाल्यानं शिवलंय," तो म्हणाला. "नशीब उघडणार तुमचं."

"उघडलं होतं," बुर्गी म्हणाली.