दामूअण्णांचा केंड

मिठागरात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. पावसाळ्याचे चार महिने मिठागर बंद, ऑफिस मात्र उघडं! मग करणार काय? चहा प्यायचा आणि एकमेकांच्या घरात काय चाललंय ते उकरून काढायचं. डहाणूच्या खाडीकाठी मी बारा वर्षं काढली. त्यातले निम्मे किस्से आमचे हेडक्लार्क दामूअण्णा यांचे, आणि त्यांतले निम्मे त्यांच्या माशाचे. माणूस जन्माचा शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा बंद. त्याने मासा पाळला, आणि तोही केंड!

ज्यांनी केंड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटभर मासा, हिरवट पिवळी पाठ, तीवर काळे ठिपके, पोट पांढरं. डिवचला की पोटात पाणी भरून टम्म फुगतो. तो विषारी, म्हणून खात नाहीत. वर दातांनी जाळी कुरतडतो, म्हणून कोळी त्याला शिव्या घालून फेकून देतात.

* * *

भरतीचं पाणी मिठागरात घेतलं की त्याबरोबर बारीकसारीक मासेही येत. पुढे पाणी आटून खारट होत गेलं की ते मरत. दर वर्षीचंच होतं ते, आम्ही कुणी बघायचोही नाही. एका दुपारी दामूअण्णांनी कोपऱ्यातल्या डबक्यात एक केंड तडफडताना पाहिला आणि त्यांना राहवलं नाही. जेवणाचा डबा रिकामा होता. त्यात थोडं पाणी आणि तो मासा घालून त्यांनी डबा पिशवीत टाकला.

घरी पोचल्यावर हातपाय धुवायला गेले आणि डब्याचं सांगायचं राहून गेलं. वहिनींनी डबा घासायला घेतला. झाकण काढलं तर आत पांढरं, गोल काहीतरी. सकाळी त्यांनी नारळाचा लाडू दिला होता. तो खाल्ला नाही आणि वर पाणी सांडलंय, अशा समजुतीने त्यांनी बोटाने दाबून पाहिलं.

वहिनी ओरडल्या वगैरे नाहीत. त्यांनी झाकण लावलं, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या लाडवाला डोळे आहेत."

* * *

मग लोहाराकडून लोखंडी सांगाडा करून आणला, चार काचा लांबीचा लगदा लावून बसवल्या आणि टाकी तयार झाली. ती पहिले आठ दिवस गळत होती. त्याहून मोठी अडचण पाण्याची. खाडीतल्या या माशाला नुसतं समुद्राचं पाणी चालत नाही, नुसतं विहिरीचंही नाही. निमखारं लागतं. खारेपणा मोजायची काचेची नळी आमच्या ऑफिसात होती, पण ऑफिसची वस्तू घरी नेणं दामूअण्णांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग ते जिभेने मोजायला लागले. रोज जेवायला बसण्याआधी टाकीतलं बोटभर पाणी जिभेवर. खारट लागलं तर विहिरीचा तांब्या, अळणी लागलं तर खाडीचा.

पंधरा दिवसांत त्यांना रोजची आमटी अळणी लागायला लागली. वहिनींनी एक दिवस मीठ वाढवलं, दुसऱ्या दिवशी आणखी वाढवलं. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. पहिल्याच भुरक्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी शांतपणे भात वाढत म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे हल्ली आमटी खाडीच्या मापाने करतात."

* * *

दामूअण्णांची जागा म्हणजे छगनशेठच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. छगनशेठ गवताचे व्यापारी, माणूस देवासारखा. सकाळी पारव्यांना दाणे घातल्याशिवाय चहा घेत नसत आणि वाटेत मुंगळा दिसला तर वळसा घालून जात. जागा देताना त्यांची एकच अट होती. घरात मासळी आणायची नाही. नऊ वर्षांपूर्वी दामूअण्णांनी हसत हसत कबूल केलं होतं.

आता शेठची चाहूल लागली की वहिनी टाकीवर लुगडं टाकत. तीन आठवडे निभावलं. एक दिवस लुगडं वाळत होतं आणि शेठ दारात! केंडाची एक खोड अशी की माणूस आला की काचेपाशी येऊन टकामका बघतो. तो शेठकडे बघत राहिला आणि शेठ त्याच्याकडे. दामूअण्णा तोवर सामानाची बांधाबांध मनातल्या मनात करून मोकळे झाले होते.

"दामूभाई," शेठ म्हणाले, "लोक मासा मारून घरात आणतात. तुम्ही जिवंत ठेवला. आ तो बहु मोटुं पुण्य!"

त्या रविवारी शेठ उंबरगावच्या पाहुण्यांना केंडाच्या दर्शनाला घेऊन आले. त्याच्यासाठी तुपाचं मोहन घातलेल्या कणकेच्या गोळ्या आणल्या होत्या. केंडाने एक गोळी तोंडात घेतली, विचार केला आणि पाण्याच्या पिचकारीसकट शेठच्या कपाळावरच्या गंधावर मारली. पाहुणे एक पाऊल मागे सरले. शेठनी कपाळ पुसून सगळ्यांना समजावलं की आज त्याचा उपास असेल.

* * *

हा प्राणी नक्की खातो काय, हे विचारायला दामूअण्णा बाजारात धाकट्या डहाणूच्या जमनाबाईकडे गेले. चाळीस वर्षं टोपली घेऊन बसणारी बाई. केंड पाळलाय म्हटल्यावर तिने आधी यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पाळायला उंदीर नाही मिळाला का, असं विचारून झालं.

"कडक काय ते दे त्याला," ती म्हणाली. "शिंपल्या, गोगलगाई, चिंबोरीचे पाय. नाय तं दात वाढतील नि तोंड मिटंल. मंग मेला."

गोगलगाईंचं काम आमचा वॉचमन जान्या याने घेतलं. तो तलासरीकडच्या झरीचा, तिकडे गोगलगाई आवडीने खातात. सुट्टीला घरी गेला की बांधावरच्या गोगलगाई पिशवीभर घेऊन यायचा. हेडक्लार्कच्या माशाला नेतोय, असं तो गावात सांगे, पण मासा पाळून त्याला खाऊ घालणारा माणूस असतो यावर झरीत कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. एका सोमवारी त्याने दामूअण्णांच्या टेबलावर पिशवी ठेवली आणि संकोचत म्हणाला, "अण्णा, गावात समदी म्हणतात, तुजा साहेब गुपचूप खातो. आपल्यातलाच दिसतो."

* * *

केंड गोगलगाय खातो तेव्हा आवाज होतो. सुपारी फोडल्यासारखा, कटकन. वहिनी म्हणूनच शेठ देवळात गेले की खाऊ घालायच्या.

एकदा शेठ देवळातून लवकर परतले, बरोबर बलसाडहून आलेल्या थोरल्या बहिणीला घेऊन. पुण्यवान मासा बघायला दोघं टाकीपुढे वाकली आणि कटकन आवाज झाला. गोगलगाय अजून हलत होती.

शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले. म्हणाले, "दामूभाई, मासा तुमचा, पण घर माझं आहे. माझ्या घरात रोज एक जीव मरतो. हे बंद करा, नाहीतर होळीपर्यंत जागा बघा."

दामूअण्णा दोनदा केंडाला डब्यात घालून खाडीवर गेले आणि दोन्ही वेळा डबा तसाच घेऊन परत आले. मला म्हणाले, "अरे, सोडायला वाकलो की तो माझ्याकडे बघतो."

शेवटी सुका जवळा भिजवून द्यायचं ठरलं. तो आधीच मेलेला, त्यामुळे शेठच्या घरात कुणी मरायचा प्रश्न नव्हता. प्रश्न वासाचा होता. वहिनी नाकाला पदर बांधून जवळा भिजवत आणि वर एकदम आठ उदबत्त्या लावत. शेठ ज्याला त्याला कौतुकाने सांगत, की आमच्या वहिनी हल्ली फार देवभोळ्या झाल्यात.

* * *

जवळा पडला मऊ. तीन-चार महिन्यांत जमनाबाई म्हणाली होती तेच झालं. केंडाचे दात वाढून एकमेकांवर चढले, तोंड जेमतेम उघडेना. दामूअण्णांनी रिकामे शिंपले टाकून पाहिले, त्याने हुंगलेसुद्धा नाहीत. मग बारीक कातर असलेला माणूस म्हणून सोनाराला बोलावलं. त्याने ओल्या फडक्यात केंड धरला, कातर जवळ नेली आणि केंड फुगून हातातून निसटला. असं तीनदा झालं. डहाणूतल्या निम्म्या बायकांची नाकं टोचलीत, सोनार घाम पुसत म्हणाला, पण एकही गिऱ्हाईक असं फुगलं नव्हतं.

केंड वाळत चालला. टाकीच्या तळाशी पडून राहायचा. दामूअण्णा ऑफिसात आकडे चुकायला लागले. संध्याकाळी शेठ आले की तेवढा हळूहळू वर यायचा आणि काचेपाशी ते मिटलेलं तोंड हलवत राहायचा. शेठनी विचारलं, तेव्हा दामूअण्णांनी सगळं सरळ सांगून टाकलं. मांस असलेली शिंपली फोडली तरच दात झिजतील. अजून तोंड थोडं उघडतंय. आठ दिवसांनी तेही उघडणार नाही.

शेठनी स्टुलावरून वाकून ते तोंड नीट पाहिलं आणि उठून गेले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मासळीच्या रांगेत छगनशेठ! पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. साठ वर्षांत त्या रांगेत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. एकेक कोळीण बोलायची थांबत गेली. शेठ जमनाबाईच्या टोपलीपुढे उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, शिंपल्या पाहिजेत. पण मेलेल्या. आपल्या मरणाने मेलेल्या."

चाळीस वर्षं आपला माल ताजा आहे अशा शपथा घेत आलेली बाई ती. तिचा पाराच चढला. मेलेला माल आपण विकत नाही, तो पलीकडच्या टोपल्यांत बघावा, असं तिने साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं. पलीकडच्या टोपलीवाल्या उठल्याच.

"दामूभाईंच्या केंडासाठी," शेठ म्हणाले. "तो काही खात नाही."

जमनाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने मागची टोपली पुढे ओढली. पहाटे खाडीच्या चिखलातून काढलेल्या शिंपल्या होत्या. तिचा हात लागला तशा त्या पटापट मिटल्या, आणि एकीने उडवलेली पाण्याची चिळकांडी थेट शेठच्या धोतरावर आली.

"घ्या शेठ," जमनाबाई म्हणाली. "समद्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. कालच."

शेठनी धोतराकडे पाहिलं. चष्मा काढून खिशात ठेवला. मग पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरत म्हणाले, "बिचाऱ्या."