कफील हो म्हणाला होता

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी किराण्याची यादीसुद्धा वाचून दाखवतो.

दम्मामपासून दोन तासांवरच्या एका खजुराच्या बागेत मी सुपरवायझर आहे. कामाच्या याद्या माझ्याकडे. माणसांचे पासपोर्ट माझ्या कपाटात. इथे मालकाचा मोठेपणा झाडांवर मोजतात, आणि झाडांखाली उभ्या असलेल्या माणसांवर. हंगामात कफील, म्हणजे ज्याच्या परवान्यावर आम्ही सगळे इथे आहोत तो अरब मालक, पाहुण्यांना बाग दाखवतो, तेव्हा सगळे रांगेत उभे राहतात. "इतकी माणसं?" पाहुणे विचारतात. कफील खुलतो. आणि मी? मीही खुलायचो. माणसं माझ्या यादीतली होती ना.

दत्ताराम त्यांतला. गुहागरकडचा, माझ्या शेजारच्या गावचा. दोराचा पट्टा कमरेला लावून तो असा चढायचा, की पाहुणे बघत राहायचे. एका हंगामात पाहुणे यायच्या आठवडाभर आधी त्याच्या घरून फोन आला — आई शेवटच्या घटका मोजत होती, त्याला बोलवत होती.

"दादा, कफिलाला विचारा," तो म्हणाला. "पंधरा दिवस पुरेत. तोवर माझ्या झाडांवर तुम्ही चढा." स्वतःच थोडं हसला.

मी विचारलं. खरंच विचारलं. कफील कहवा पीत होता. "आई आहे," म्हणाला. "जाऊ दे त्याला. आजच कागद कर."

कपाट उघडायचं, एवढंच उरलं होतं.

मी दत्तारामला सांगितलं, कफील नाही म्हणतो. कफिलाला सांगितलं, तो स्वतःच हंगामानंतर जाईन म्हणतोय. का? पाहुण्यांसमोर मला माझा सगळ्यात चांगला माणूस हवा होता. माझा माणूस — हो, मनात हेच शब्द होते.

पाहुणे आले. दत्ताराम चढला. पाहुण्यांनी कफिलाची पाठ थोपटली, कफिलाने माझी.

तिसऱ्या दिवशी त्याची आई गेली.

तो माझ्या खोलीत आला, खाली बसला. "दादा, तुम्ही शब्द टाकलात. दुसऱ्या कोणी तेवढंही केलं नसतं." मी त्याला पाणी दिलं. तेव्हा बोलता आलं असतं — नाही का? पाणी दिलं, आणि रिकामा पेला परत घेतला.

याला चार वर्षं झाली. दत्ताराम अजून इथेच आहे. कफिलाची गाडी फाटकातून आत आली, की तो तोंड फिरवतो. "दगड आहे हा माणूस," म्हणतो.

मी शेजारीच उभा असतो. हो म्हणतो.