हिरा पडला की हलायचं नाही

“पाय खाली टेकवू नकोस!”

“अगं ताई, मी भाषण करतोय!”

“कर की! एका पायावर कर.”

धाकट्याचा उजवा पाय हवेतच राहिला. समोर टेबलावर वडिलांचा फोटो आणि त्याच्यापुढे हिऱ्यांच्या पेढीत शोकसभेला जमलेले नातेवाईक, दलाल, कारागीर, सगळे जिथल्या तिथे थिजलेले. झालं होतं ते इतकंच. “उद्यापासून बाबांच्या खुर्चीवर मी...” एवढं त्याच्या तोंडून निघालं, आणि त्याच क्षणी ताई उठून म्हणाली, “थांबा, बाबांनी निवडलेला शेवटचा हिरा आधी बघून घ्या.” तो हिरा तिच्या चिमट्यातून निसटला तो गेलाच.

आणि हिरा पडला की सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही, हा मोठ्या शेठचा, म्हणजे बाबांचा, नियम. शेठ गेले तरी नियम पेढीतच मुक्कामाला. “हिऱ्याला पाय नसतात,” ते म्हणायचे, “माणसांचेच पाय त्याला फिरवून आणतात.” पेढीत सगळ्यांचे खिसे शिवून टाकलेले, शेठच्या स्वतःच्या सदऱ्याचे आधी. शिंक आली की जिन्यात जाऊन द्यायची, कारण एका शिंकेत बारीक हिऱ्यांची अख्खी रास उधळते. एक दलाल स्वतःच्या लग्नाच्या सकाळी “एवढी हिऱ्यांची पुडी देतो आणि पळतो” म्हणत आला. पुडी उघडताना खडा सांडला. त्याला शोधत वऱ्हाड आलं, तर शेठनी वऱ्हाडही दारात उभं केलं. शेवटी खडा नवरीनेच शोधला. शेठ म्हणाले, “पोरगी पारखी आहे. नवरा निवडतानाच नजर चुकली म्हणायची.”

“पंखा बंद करा!” धाकटा ओरडला.

कुणी जागचं हललं नाही. सगळे ताईकडे बघत राहिले.

“पंखा बंद करा,” ताई म्हणाली. लगेच पंखा बंद.

धाकट्याचा सूट नवा, भाषण पाठ, आणि खुर्ची मात्र या वळवळत्या पायाखालून सरकत चाललेली.

“दिवे घालवा,” ताईने पुढे सांगितलं. “टॉर्च जमिनीला टेकवून धरा, उजेड आडवा पडू दे.”

दलाल, व्याही, शेजारची डॉक्टरीणबाई, सगळे जागच्या जागी गुडघ्यांवर आले. मामा टेबलाखालून म्हणाले, “आता बोलतोच. भावोजी फार मोठा माणूस होता हो. जरा सरका, तुमचा पाय माझ्या श्रद्धांजलीवर आलाय.” म्हणजे कागदावर. मागून कुणाला हुंदका आला, तर दहा जण एकदम म्हणाले, “जिन्यात!”

“ताई, पाय थरथरतोय गं.”

“बाबा अख्खी दुपार उभे होते असे. चहा दुसऱ्याच्या हातून प्यायले, पण पाय टेकवला नाही.”

“मी बाबा नाहीये!”

हे तो जरा मोठ्यानेच म्हणाला. टेबलाखालून मामा म्हणाले, “ते दिसतंच आहे.”

इतक्यात ताईच्या टॉर्चचा उजेड त्याच्या पायाशी थांबला. पँटच्या दुमडलेल्या मोहरीत काहीतरी चमकलं. दुमडलेल्या मोहरीला पेढीत बंदी होती. हिरे पळवायला चोर लागत नाही, शिंपी पुरतो, असं शेठ म्हणायचे. ताईने चिमट्याने हिरा अलगद उचलला. सगळ्यांनी सोडलेल्या श्वासाने फोटोसुद्धा हलला.

धाकट्याने पाय टेकवला. तो पार बधिर झाला होता.

ताईने पुडीच्या घड्या घातल्या, अगदी बाबांसारख्या, शेवटची आतल्या बाजूला. पुडी तिजोरीत ठेवली, किल्ली पर्समध्ये टाकली.

“उद्या नेहमीच्याच वेळेला ना, ताई?” पैलू पाडणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने विचारलं.

“नेहमीच्याच.”

धाकटा लंगडत तिला आडवा आला. “ताई, एक सांग. इतक्या वर्षांत तुझ्या चिमट्यातून एक खडा निसटलेला मी पाहिला नाही. आज नेमका माझ्या वाक्याच्या मधोमध? मुद्दाम उडवलास ना?”

ताईने फोटोची कड सरळ केली, त्याच्या मोहरीची घडी वाकून नीट उलगडली, आणि आलेलं हसू दाबत जिन्याकडे चालू लागली.