फौजी काकांचा मांडव

वडवणीच्या आसपास ज्याच्या लग्नात माझ्या फौजी काकांनी वऱ्हाडाला दम दिला नाही, त्याचं लग्न धड लागलंच नाही, असं मी छातीठोकपणे सांगते. काका जाऊन दोन वर्षं झाली, तरी आमच्याकडची माणसं मांडवात बसण्याआधी खुर्ची सरळ करून घेतात. हवालदार होऊन फौजेतून परतल्यावर त्यांनी मंडप-बिछायतीचा धंदा टाकला आणि राहिलेली नोकरी तिथंच पुरी केली म्हणा ना. खांब एका रेषेत, खुर्च्या एका रेषेत. जमलं असतं तर पाहुणेसुद्धा त्यांनी एका उंचीचे मागवले असते. घाटनांदूरच्या एका लग्नात मुहूर्त टळत आला तरी नवरदेव घोड्यावरून उतरून दोस्तांबरोबर नाचतच होता. काकांनी जाऊन बँड थांबवला आणि त्याच्यापुढं ताठ उभे राहून म्हणाले, "कदमताल करत चल. मागं बघायचं न्हाई." बिचारा खरंच डावा-उजवा करत बोहल्यापाशी पोचला. सासरा त्याला अजून त्यावरून चिडवतो.

पण हा माणूस कुठल्याच लग्नात जेवला नाही. आग्रह केला की "ड्युटीवर हाय," एवढंच. काकू गेल्यावर तर मला त्यांचा रागच यायचा. अख्ख्या गावाच्या पंगती उठवायच्या आणि घरी येऊन स्वतःपुरतं पिठलं ढवळायचं, ही काय रीत झाली? एकुलती एक लेक शुभा, ती पुण्याला नोकरीला. तिच्या लग्नासाठी म्हणून लाल-पिवळ्या कापडाचं एक कोरं छत त्यांनी पेटीत घालून ठेवलं होतं. कितीही बड्या घरचं लग्न असो, ते बाहेर निघायचं नाही. लेकीचं लग्न आपल्या दारात, आपल्या मांडवात लावायचं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती. आणि शुभानं लग्न ठरवलं पुण्याच्या हॉलमध्ये. नवऱ्याकडच्या माणसांना इकडं यायला सुट्ट्या मिळत नव्हत्या. काका फोनवर "बरं" म्हणाले.

आमच्याकडं लग्नाआधी दारात मांडव पडतो आणि भावकी हिरवे डहाळे आणून त्यावर टाकते. हे मांडवडहाळे. दारात मांडव दिसला की यायचं, त्याला वेगळं बोलावणं लागत नाही. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी काकांनी गुपचूप दारात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, इस्त्रीचा सदरा घातला आणि वाट बघत उभे राहिले. कुणी फिरकलं नाही. फिरकणार कसं? दर लग्नानंतर कापडाला हवा लागावी म्हणून ते दारातच पुरा मांडव ताणून ठेवायचे, आणि गावाला त्याची सवय झालेली. शेजारचे फळवाले चाचा, ज्यांना प्रत्येक फौजी मेजरच, जाता जाता विचारून गेले, "मेजर, कापड वाळू घातलं का?" काका म्हणाले, "व्हय."

शाळा सुटल्यावर मी तिकडून चालले होते. सहज वर बघितलं आणि ते कोरं छत ओळखलं.

"अहो काका, तोंडानं सांगायचं तरी," मी तडकलेच.

"मांडव दिसतोय की. आजून काय सांगायचं?"

मला गावाचा संताप आला, शुभाचा आला, आणि सगळ्यांत जास्त काकांचा. परसातल्या आंब्याचा डहाळा मोडून आणला आणि स्टुलावर चढून बांधायला लागले. खालून हुकूम सुटले, "डावीकडं घे. जरा वर."

तेवढ्यात शुभाचा व्हिडिओ कॉल आला. "अण्णा, मागं मांडव कुणाचा?"

"काय न्हाई. कापड वाळू घातलंय."

मी खाली उतरून त्यांच्या हातातला फोन ओढून घेतला. "शुभे, तुझाच मांडव हाय गं."

शुभाचा चेहरा पडद्यावर अगदी जवळ आला. मग ती रडत म्हणाली, "अण्णा, मला सगळा दाखवा."

काकांनी फोन धरला. एकेक खांब दाखवला, दोराच्या गाठी दाखवल्या, माझा डहाळाही दाखवला. रिकाम्या खुर्च्यांपाशी आल्यावर मात्र त्यांनी फोन हळूच वर केला आणि म्हणत राहिले, "छत बघ, बाई. छत बघ."