प्रोटीन कमी करायचं म्हणून

माझी ताई आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. प्रत्येक रोग तोंडावाटे शिरतो आणि पथ्यानेच निघतो, हे तिचं ठाम मत. तिला शहाणपण शिकवायची कुणाची टाप नव्हती. तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या भाऊजींची, तर नव्हतीच.

भाऊजींचं केस कापायचं दुकान. एका गिऱ्हाइकाची दाढी करता करताच त्यांना हार्ट अटॅक आला. ते बिचारं अर्ध्या गालाला साबण घेऊनच त्यांना दवाखान्यात पोचवायला धावलं. भाऊजी वाचले. शुद्धीवर येताच त्यांनी उरलेल्या गालाची चौकशी केली, तेव्हा आम्ही रडता रडता हसलो.

मग रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयावर ताण आला की रक्तात एक प्रोटीन वाढतं, यांचं फार वाढलंय, ते असंच राहिलं तर पुढची वर्षं अवघड आहेत. ताईने त्यातलं एवढंच उचललं, की प्रोटीन वाढलंय. दुसऱ्या दिवसापासून घरात अंडी बंद, डाळ बंद, दूध बंद. भाऊजींच्या ताटात नुसता भात आणि उकडलेला भोपळा. डॉक्टरांना एकदा विचारूया, असं मी म्हटलं, तर म्हणाली, तुला डाळीतला खडा दिसत नाही आणि तू मला शिकवणार.

भाऊजी मुकाट्याने खात. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली, कात्रीचा हात थरथरू लागला, गिऱ्हाइकं कान सांभाळून बसू लागली. ताई मात्र खुशीत होती. आता उतरेल बघ, म्हणायची. मला तिच्या त्या खुशीची चीड यायची आणि भीतीही वाटायची.

पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा आणखी चढलेला. भोपळ्याची हकिगत ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे समजावलं, की खाण्यातलं प्रोटीन वेगळं, हे तर थकलेलं हृदयच रक्तात सोडतं. यांना अंडी द्या, डाळ द्या, अंगात ताकद हवी.

"मग हे कमी करायला मी काय बंद करू?" ताईने विचारलं.

"तुम्ही काहीच नाही. गोळ्या चालू ठेवू. त्यापलीकडे फारसं आता कुणाच्या हातात नाही."

भाऊजी औषधं घ्यायला गेले. ताई बाहेरच्या बाकावर बसली ती उठेचना. मी समजूत घालू लागलो, की हृदय काही तुझ्या स्वयंपाकाने थकलेलं नाही, तुझी त्यात चूक नाही.

"माझीच चूक असती तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली. "सुधारता तरी आली असती."