लोखंडाला लावलेला कान

पाणीअण्णांचा उजवा कान कायम तांबूस असे. तो गंज होता. व्हॉल्व्ह उघडायची कमरेएवढी लोखंडी चावी ते रस्त्यातल्या खड्ड्यात उभी करत, तिच्या वरच्या टोकाला कान लावून डोळे मिटत, आणि म्हणत, "पोचलं." किंवा, "अजून नाही." कुंभकोणमच्या आमच्या भागात पाणी कुठवर गेलं हे सांगणारं दुसरं यंत्र नव्हतं.

त्यांचे वडील पट्टीश्वरमकडे भातशेतांना पाणी सोडत. तिथली रीत अण्णांनी शहरात आणली होती: टंचाईत शेवटच्या शेताला आधी. टाकी आमच्या रस्त्याला लागून. मोठा नळ आमच्या घरांखालून पुढे जात साक्कोट्टैच्या बाजूला सफाई कामगारांच्या गल्लीत संपे. कावेरीची वाळू उघडी पडली की अण्णा आधी त्या गल्लीला पाणी देत. आमचे शेजारी चिडत, "आम्ही काय कर भरत नाही?"

"भरता, सार. पण टाकी तुमच्या दाराशी आहे. तुम्हाला नंतरही मिळतं. त्यांना नंतर चिखल मिळतो."

मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. आम्हा मराठी लोकांना इथे रायर म्हणतात, आणि रायरांच्या शब्दाला वजन होतं. आईने अंथरूण धरलं तेव्हा मी गुपचूप नळाला मोटर बसवली. तिसऱ्या दिवशी पहाटे अण्णा दारात.

"रायरे, तुमच्या घरात काहीतरी गुणगुणतंय. लोखंडातून ऐकू येतं."

मी आईच्या खाटेकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "अम्मा आहेत तोवर राहू दे. मग काढा."

आई गेली. मोटर राहिली. अण्णांनी एकदा आठवण करून दिली. मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा ते चावीवर रेलून म्हणाले, "अम्मांना आता किती पाणी लागतं, रायरे?" मला राग आला. लाज वाटायला हवी होती, ती पुष्कळ उशिरा वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात शेवटच्या गल्लीत थेंब पोचेना. बायकांनी नगरपालिकेच्या कचेरीच्या पायऱ्यांवर रिकाम्या घागरी मांडल्या. इंजिनियर चौकशीला आले. खड्ड्यापाशी सगळे जमले होते. अण्णा सरळ म्हणाले, "व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, सार. रायरांच्या घरी मोटर आहे. मी ऐकलीय."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "त्यांना हल्ली कमी ऐकू येतं."

एवढंच वाक्य. इंजिनियरांनी माझ्या घरात पाऊलही टाकलं नाही. अण्णांनी कान पुसला. त्यांची चावी काढून घेऊन त्यांना कचेरीच्या फाटकावर बसवण्यात आलं. नवा माणूस टाकीपासून सुरुवात करू लागला, आणि वर्षभरात आमच्या रस्त्यावर घरोघरी मोटरी आल्या. शेवटची गल्ली गटाराकाठच्या हातपंपावर गेली. तिथे कावीळ पसरली. त्या गल्लीतली, माझ्या शाळेत शिकणारी सेल्वी त्यात गेली. पटावरचं तिचं नाव मीच खोडलं.

खड्ड्यापाशी मी ते वाक्य बोललो त्या दिवसापासून लोक अण्णांशी ओरडून बोलू लागले. फाटकावर कोणीही येई आणि त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन किंचाळे, "साहेब आहेत का?" अण्णांनी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. "आहेत," ते हळूच म्हणत.

पुष्कळ वर्षांनी, या चैत्रात, ते आजारी असल्याचं कळलं. मी गेलो. खोलीत त्यांची मुलगी होती, शेजारी होते. मी खाटेशी वाकलो आणि मोठ्याने विचारलं, "अण्णा, कसे आहात?"

त्यांनी डोळे उघडले. "हळू बोला, रायरे. मला ऐकू येतं. तुम्हाला ठाऊक आहे."

मुलीने मान वर केली. तेव्हा मी सांगायला हवं होतं. तिने दिलेला पाण्याचा पेला मी रिकामा केला आणि उठलो. चार दिवसांनी ते गेले.

तेराव्यानंतर मी त्यांच्या मुलीकडे परत गेलो आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "अप्पा गेल्यावर सांगताय," एवढंच म्हणाली. माझ्या मुलाशी भांडून मी घरातली मोटर काढली आणि तसं कचेरीला लिहून दिलं. दुसऱ्या सकाळी काठी टेकत शेवटच्या गल्लीपर्यंत चालत गेलो. नळ कोरडा होता. वाटेतल्या घरांतून मोटरी चालू होत्या, आणि कोणाच्या कुठे, हे लोखंडातून सांगणारा माणूस मी बहिरा ठरवला होता.