आढ्याला टांगलेलं झाड

टांगल्याशिवाय जगातली कुठलीच वस्तू धड राहत नाही असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पार्से गावातल्या त्यांच्या घरात कांदे टांगलेले, छत्री टांगलेली, रेडिओ टांगलेला, चष्मा गळ्यात टांगलेला आणि मोबाईल पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगलेला. तो वाजला की मामा पिशवीलाच कान लावून बोलतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा माझी बॅग त्यांनी मोठ्या मायेनं आढ्याला चढवली. "जावयबापू, हंय उंदराचो बापूस येवचो नाय!" सकाळी दात घासायचा ब्रश काढायला मला नारळ पाडायची काठी मागावी लागली. डिचोलीला आमच्या घरी ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानफळं बांधतात, ती माटोळी म्हणजे मामांचं खरं राज्य. कवंडळं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घोस, सगळं केवणीच्या सालीच्या दोरानंच बांधायचं. कुणी सुतळी आणली तर त्याच्याशी ते दोन दिवस बोलत नाहीत. पण गेल्या वर्षी आषाढात मामी गेल्या. घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, म्हणून गणपती नुसता पूजेपुरता बसला, आणि मामा दिवसभर रिकाम्या चौकटीखाली येरझाऱ्या घालत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. गंमत म्हणजे, सगळं घर टांगून ठेवणाऱ्या या माणसानं मामींचा फोटो मात्र टांगला नाही. फ्रेम करून आणली आणि कपाटात लुगड्यांखाली ठेवून दिली. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाले, "भिंतीर लावलो काय हार घालूचो लागतलो. हार घातलो म्हणजे ती गेली."

शेजारच्या फिलूबायची मुलं लंडनला. दर नाताळाला मामा तिला सुरूची फांदी आणून देत आणि मामी नि फिलूबाय मिळून ती सजवत. गेल्या डिसेंबरात फिलूबायनं जाहीर केलं, "ह्या वर्सा झाड ना. सजयतलें कोणाबरोबर?" सजावटीचे गोळेसुद्धा तिनं भाचीला देऊन टाकले होते. मामा भडकले. "दुखवटो आमचो! तुझ्या झाडाक खंयचो दुखवटो?"

"आनी तुमकां सण चलता?"

"सण तुझो, झाड तुझा. मी फकत दोर बांधतलंय!"

असं कलम वकिलालासुद्धा सुचलं नसतं. मामांनी तिचा जुन्या फोटोंचा बिस्किटांचा डबाच उचलून आणला, पेडण्याच्या बाजारात त्यांच्या प्रती काढल्या आणि एकेक फोटो एकेका करवंटीत आतून चिकटवला. मुलाचं चर्चमधलं पहिलं कोमुन्यांव, मुलीचं लग्न, मिशीवाला स्वर्गीय नवरा, इतकंच काय, मेलेला कुत्राही करवंटीत बसला. करवंट्या घासायचं काम जावयाकडे. आठवडाभर माझ्या बोटांना कातडी नव्हती.

नाताळाच्या आदल्या दुपारी आम्ही फिलूबायकडे पोचलो तर ती डोक्याला हात लावून बसलेली. झाड जमिनीवर नव्हतंच. मामांनी ते माटोळीसारखं आढ्याला टांगलं होतं, बाळ येशूच्या गोठ्याच्या बरोबर वर! मी म्हटलं, "मामा, हे झाड जमिनीवर उभं करायचं असतं."

"जमिनीर उंदीर नाय?" मामा म्हणाले.

तेवढ्यात दारातून वारा आला आणि झाड सावकाश फिरायला लागलं. मुलगा समोरून गेला, मुलगी गेली, नवरा मिशीसकट गेला, मागून कुत्राही. उभ्या झाडावर अर्धी माणसं भिंतीकडे तोंड करून असतात. इथे प्रत्येकाची पाळी येत होती. फिलूबायनं डोक्यावरचा हात काढला आणि लंडनला व्हिडिओ लावला. तिकडे मुलगा एकदम रडायलाच लागला. मग हिंदू-ख्रिस्ती दोन्ही वाड्यांवरची माणसं लोटली. पाद्रीबाब झाडाभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले, आणि झाडच फिरतंय हे कळल्यावर हसत एका जागी उभे राहिले. मामांची छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण जाईल अशी मला भीती वाटली.

गर्दी ओसरल्यावर फिलूबाय आतून आणखी एक करवंटी घेऊन आली. तिनं ती स्वतःच केली होती. आत मामी. आदल्या नाताळातल्या, हातात चांदणी धरून खदखदून हसणाऱ्या.

"झाडार हार लागना," ती म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिनं करवंटी बांधून टाकली. सुतळीनं.

आम्ही सगळे मामांकडे बघत राहिलो. पुढे होऊन त्यांनी सुतळी सोडली, खिशातून केवणीचा दोर काढला आणि एक गाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक. ओढून पाहिली. "सुतळी कुजता गो," एवढंच म्हणाले.

झाड हळूहळू फिरलं आणि मामी पलीकडे गेल्या. मामा खालीच उभे राहिले, त्या परत समोर येईपर्यंत.